दोन बाजांएवढं रान

खुरपं सापडलं ते ट्रंकेच्या तळाशी, आईच्या जुन्या इरकली लुगड्याच्या घडीत. पातं झिजून बोटभर उरलेलं, बाभळीची मूठ हाताच्या घामानं काळी नि गुळगुळीत झालेली. मी ते नाकाशी नेलं. लोखंडाला कसला आलाय वास, म्हणाल; पण आला. ओल्या काळ्या मातीचा, उपटलेल्या मेथीच्या मुळ्यांचा आणि थोडासा चुलीतल्या राखेचा. मुलीला हाक मारून म्हटलं, बघ गं, येतोय का तुला. तिनं हुंगलं आणि म्हणाली, डांबरगोळ्यांचा येतोय. बरं बाई. तुझं नाक तुझ्यापाशी, माझं माझ्यापाशी.

मुलीकडं धाराशिवला राहायला येऊन मला आता बरेच महिने झालेत. ‘राहायला’ हा शब्द तिचा. मी आपली म्हणत होते, बघते, करमलं तर राहते, नाहीतर सोलापूरचं माझं घर आहेच. म्हणून ट्रंक पूर्ण रिकामी केली नव्हती. लागेल ते वरचं वर काढायचं, खालचं तसंच. तिच्या घरामागं धुण्याच्या दगडापासून भिंतीपर्यंत एक पट्टा मोकळा पडलाय. तिथं फुटक्या फरश्या, एक मोडकी सायकल आणि कमरेएवढं गाजरगवत. आई, तिथं काहीतरी लाव की, असं तिचं मी आल्यापासून चाललेलं. लेकीचा डाव मला कळत नव्हता असं नाही. हाच डाव मी लहानपणी एकदा बघितला होता, आणि त्यातही हेच खुरपं होतं. ट्रंकसुद्धा हीच.

आम्ही मूळचे तुळजापूरचे. आईचं माहेर पुजाऱ्याचं आणि सासर त्याच गल्लीत, चार घरं खाली. सासरी कुणाचं काही लागलं तर माहेरी जायला तिला पायात चप्पलसुद्धा घालावी लागायची नाही. सगळी गल्ली दगडाची. पायऱ्या दगडाच्या, अंगणं दगडाची, माती म्हणून बघायची तर तुळशीवृंदावनात. आणि त्या दगडांवर दिवसभर माणसांचा राबता. संबळ वाजायचा, कवड्यांच्या माळा खुळखुळायच्या, देवीपुढं पेटवलेल्या पोताच्या जळक्या तेलाचा वास भिंतींना चिकटलेला असायचा आणि कुंकू तर इतकं सांडलेलं की आमचे तळपाय कायम लालसर. पहाटे देवळात चौघडा वाजला की आई उठायची. घड्याळ घरात होतं, पण ते पुरुषांसाठी.

निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. माझे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणायचो, शाळेत मास्तर. स्वतः शिकले सगळे उर्दूत आणि आता शिकवायचं मराठीत, त्यामुळं रोज रात्री जेवण झालं की आधी तेच अभ्यासाला बसायचे. त्यांची नळदुर्गला बदली झाली. ती का झाली, कुणामुळं झाली, टाळता आली असती का, यावर मोठ्या माणसांत महिनाभर बोलणं चाललं होतं. मला त्यातला एक शब्द आठवत नाही. मला आठवते ती मोटारीच्या टपावर दोरीनं बांधलेली हिरव्या रंगाची ट्रंक, आणि खिडकीशी बसलेली आई, जी घाट उतरेपर्यंत मान वळवून मागंच बघत होती.

नळदुर्गचं घर किरायाचं होतं. मागं परस होतं, परसात आड, आडाशेजारी भांडी घासायची मोरी, आणि पलीकडं नुसते दगड रचलेली गडगडी भिंत. तुळजापूर काही परमुलखात नव्हतं, पण आईला ते गेल्यासारखंच झालं. इथं चौघडा नव्हता. सोलापूर-हैदराबाद सडकेवरून एखादा ट्रक जायचा तेवढाच आवाज. पावसाळ्यात वारा इकडचा असला की किल्ल्यातल्या बंधाऱ्यावरून पडणाऱ्या पाण्याची घरघर ऐकू यायची. पहाट झाली हे आईला कळेना. कधी फार लवकर उठून चुलीपुढं बसायची, तर कधी उन्हं आली तरी झोपलेली. रडायची नाही. रडली असती तर बरं झालं असतं. नुसती गप्प झाली. ट्रंक तिनं उघडली, पण रिकामी केली नाही. नेसायचं तेवढं काढायचं, परत झाकण लावायचं, कडी घालायची.

एका संध्याकाळी नाना तिला म्हणाले, आणि मी कणीक चिवडत तिथंच बसले होते, म्हणून शब्द न् शब्द आठवतो.

“येळवशीपर्यंत राहून बघ. नाहीच करमलं, तर तुला आणि लेकराला मी स्वतः तुळजापूरला पोचवून येतो. मी इथं एकटा राहीन, माझी फिकीर करू नकोस.”

आईनं भाकरी तव्यावर टाकली आणि पाणी फिरवलं. मी मात्र बोटांवर महिने मोजले. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या, आमच्या भागातला शेतकऱ्यांचा मोठा सण, आणि तेव्हा आषाढ चालू होता. मला आई हसायला हवी होती, आणि नाना रोज संध्याकाळी खडूनं पांढऱ्या झालेल्या हातांनी घरी यायला हवे होते. माझं मागणं एवढंच होतं. त्यातलं एक मिळालं तर दुसरं जाणार, हे मला त्या वयातही बरोबर कळलं.

श्रावण लागायच्या सुमारास आई बाजूला बसली. त्या दिवसांत बाईनं स्वयंपाकघरात यायचं नाही, कशाला हात लावायचा नाही, मागच्या दाराशी कांबळ्यावर बसून राहायचं. तुळजापूरच्या घरात त्या कोपऱ्यातून तिला समोरची भिंत दिसायची. इथं परस दिसलं. पहिल्यांदाच तिनं ते नीट बघितलं असावं. मोरीच्या पाण्यावर आपोआप उगवलेला दुधी भोपळ्याचा एक वेल चिखलात लोळत होता. तिला हात लावायचा नव्हता. बाईची सावली पडली तरी वेल करपतो म्हणत. ती बसल्या जागेवरून मला म्हणाली, तो वेल उचल, त्याला काटकी लाव, भिंतीवर चढव. कित्येक दिवसांनी ती मला काहीतरी कर म्हणाली होती. मी इतकी खूश झाले की वेल जवळजवळ मोडलाच.

संध्याकाळी ही बातमी मी नानांना दिली. ते नुसतं ‘असं का’ म्हणाले. पुढच्या बाजारला गेले आणि येताना लोहाराकडून हे खुरपं घेऊन आले. कुणाला दिलं नाही, कुणासाठी आणलं ते बोलले नाहीत. मागच्या दाराशी ठेवलं आणि उर्दू-मराठी शब्दांची जुळवाजुळव करत बसले. खुरपं दोन दिवस तिथंच पडून होतं. मग आईनं उचललं.

आता बघा गंमत. भाजी लावायची म्हणजे काय करायचं हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. नानांनी दोऱ्या लावून पाटीवरच्या आयतासारखा चौकोन आखला, साधारण झोपायच्या दोन बाजा शेजारी शेजारी टाकाव्यात एवढा. आईनं त्यातलं गवत काढलं, माती भुसभुशीत केली. आणि मग स्नान करून, ओल्या केसांनी, देवघरातून एक पुडी घेऊन आली. तुळजापूर सोडताना आजोबांनी देवीच्या ओटीतलं तिच्या पदरात घातलं होतं, ते सगळं त्या पुडीत होतं. ओटीची हळकुंडं, सुपारी, तांदूळ, शिध्यातली मूठभर हरभऱ्याची डाळ. ते तिनं एकेक करून, हात जोडून, त्या वाफ्यात पेरलं. वर आडाचं ताजं पाणी घातलं. मोरीचं पाणी तिकडं फिरकूही द्यायचं नाही असं मला बजावलं, खरकटं असतं म्हणून.

घरात रोज मटकीला मोड काढणारी माझी आई, फोडलेली डाळ रुजत नाही हे तिला कळत नव्हतं का? आज वाटतं, कळत असणार. पण तिच्या माहेरी धान्य, फळ, हळद, कापड, सगळंच देवीच्या पायावरून यायचं. जे तिथून आलं ते जिवंत, अशी तिची समजूत. ती बी पेरत नव्हती, कौल लावत होती. इथं राहू का जाऊ, असं देवीला विचारत होती.

श्रावण गेला, पोळा झाला. रोज सकाळी ती वाफ्याशी जाऊन वाकायची. गवत उगवलं. मुंग्यांनी एक वारूळ धरलं. त्यापलीकडं काही नाही. भाद्रपदात गौरी उठल्या त्या दिवशी ती आत आली, हात धुतले आणि मला म्हणाली, आईसाहेबांनाच मंजूर नाही बाळे, आपण काय करणार. आणि तिच्या चेहऱ्यावर दुःखही नव्हतं. सुटल्यासारखी दिसत होती. मला त्याचीच भीती वाटली.

शेजारी गोदामावशी राहायची. घरची मोठी शेती जळकोटच्या वाटेवर, दोन मुलं रानात राबणारी, आणि ही बाई दिवसातून दोनदा गडगडीवरून डोकावून आमच्याकडं काय शिजतंय ते विचारायची. आईला ती फार मोठ्यानं बोलते म्हणून आवडायची नाही. त्या दिवशी तिनं विचारलं, मास्तरीणबाई, त्या वाफ्यात काय लावलंय, कधीचं बघतीया. आईला सांगायचं नव्हतं. मीच सांगून टाकलं. मावशी भिंतीला वळसा घालून आत आली, वाफ्याशी फतकल मारून बसली, बोटांनी माती उकरून एक हळकुंड बाहेर काढलं, पदराला पुसलं आणि हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आईचा चेहरा उतरला. तेव्हा मावशी हसायची थांबली.

“अवं, हे शिजवून वाळवलेलं हळकुंड हाय. ह्याला कोंब कुठनं फुटंल? तांदूळ सडलेला, डाळ फोडलेली. ह्यात आईसायबाचं काय चुकलं? उगं देवीवर आळ घेऊ नका, मास्तरीणबाई.”

आई तिच्याकडं बघतच राहिली. कुणीतरी तिचा निकाल उलटा करून ठेवला होता. मावशीनं घरी जाऊन एक गाडगं आणलं. त्यात राख, आणि राखेत चिंध्यांच्या पुरचुंड्या. वाल, गवार, चवळी, लाल मुळा, मेथी. वांग्याची आणि मिरचीची रोपं दुसऱ्या दिवशी टोपल्यातून आली, मुळांना ओलं फडकं गुंडाळून. गाडग्यातली ती राख मी नाकात ओढली आणि शिंकत सुटले. बियांना वास असतो हे मला तेव्हा कळलं. वालाला थोडा कडवट, मेथीला घरभर पसरणारा.

आई शिकली ते काही एका झटक्यात नाही. वाल इतके जवळ लावले की ते एकमेकांच्या उरावर बसले. वांग्याच्या रोपांना भर दुपारी पाणी घातलं, तर त्यांनी माना टाकल्या. मावशीचीही शास्त्रं वेगळीच. कोवळ्या दुधीकडं बोट दाखवायचं नाही, कुजतो. दाखवायचंच असलं तर बोट दुमडून दाखवायचं. तिच्यादेखत नानांनी एकदा सरळ बोट दाखवून ‘केवढा झालाय’ म्हटलं, तर ती त्यांच्यावर अशी खेकसली की मास्तरांनी पटकन हात खिशात घातला. तो दुधी काही कुजला नाही. चांगला हातभर झाला. मावशी म्हणाली, मास्तरांचा हात खडूचा हाय, लागत न्हाय.

आणि मोरीच्या पाण्याचं सांगायचं राहिलं. खरकट्या पाण्यावरचा तो आपोआप आलेला वेल सगळ्यांत जोमदार होता, हे आईच्या डोळ्यांपुढं होतं. एक दिवस मी शाळेतून आले तर मोरीपासून वाफ्यापर्यंत नीट पाट काढलेला, आणि त्यातून भांड्यांचं पाणी झुळझुळ चाललेलं. मी आईकडं बघितलं. ती म्हणाली, मातीतून गाळून जातंय ना, मग झालं शुद्ध. असा कायदा तिनं तुळजापुरात केला असता तर आजोबांनी घर डोक्यावर घेतलं असतं.

नवरात्राला आम्ही तुळजापूरला गेलो. जाणारच होतो, त्या दिवसांत पुजाऱ्याच्या घरी हातांना उसंत नसते. घटाला लागणारी काळी माती दरवर्षी कुणीतरी कुळवाडी आणून द्यायचा. त्या वर्षी आईनं आपल्या वाफ्यातली माती चाळून, फडक्यात बांधून नेली. देवघरात पत्रावळीवर ती पसरली, त्यात धान पेरलं, वर घट ठेवला. पहिल्या माळेला काही नाही, दुसऱ्या माळेला काही नाही. आई येता जाता समईच्या उजेडात वाकून बघायची, आणि मला ठाऊक होतं ती काय बघतेय. मग पिवळे कोंब वर आले, आणि बघता बघता असं दाट, उंच धान आलं की काकवा, माम्या, शेजारणी बघायला यायला लागल्या. माती कुठली, असं जो तो विचारायचा. आणि माझी आई म्हणायची, “आमच्या परसातली.” तुळजापूरच्या त्या गल्लीत उभी राहून, आमच्या परसातली. ऐकून मला आनंदानं रडू आलं आणि कुणी विचारलं तर काय सांगायचं म्हणून मी माडीवर पळाले.

दसरा झाला की देवी पलंगावर निजते ती पौर्णिमेपर्यंत. दरवर्षी आई, सासर चार घरांवर असूनसुद्धा, पौर्णिमा करूनच माहेरचा उंबरा सोडायची. त्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी निघाली. कारण सांगितलं नानांच्या जेवणाच्या हालाचं. नाना तर आमच्याबरोबरच होते.

पण ट्रंक अजून तशीच होती. अर्धी भरलेली, कडी लावलेली. मी रोज जाऊन बघायचे.

कार्तिकात मेथी, पालक, कोथिंबीर पेरली. थंडीत परसाला सकाळी एक हिरवा, ओला वास यायचा. वालाचा वेल भिंतीवर चढून मावशीकडं डोकावायला लागला. म्हणजे आता दोन्हीकडून डोकावणं सुरू झालं. आईनं मेथीची पहिली जुडी देवापुढं ठेवली, दुसरी गोदामावशीला दिली. तिसरीची भाजी झाली, नुसती लसूण-मिरचीची, आणि नाना तीन वेळा ‘वा’ म्हणाले.

आणि येळवस तोंडावर आली असताना, कुणाची तरी शेळी गडगडीवरून उडी मारून आत आली. आम्ही तिघंही बाजारात गेलो होतो. परतलो तर मेथीचा वाफा भुईसपाट, पालक मुळापासून गेलेला, वांग्यांचे शेंडे खाल्लेले. शेळी आडाच्या काठाशी बसून शांतपणे रवंथ करत होती. हाकलली तरी उठेना. आईनं पिशवी खाली ठेवली, एकदा सगळीकडं बघितलं आणि आत गेली. ट्रंकेवर जाऊन बसली. दिवेलागण झाली तरी उठली नाही. नाना दारात उभे, मी नानांच्या धोतराला धरून. मी मनातल्या मनात त्या शेळीला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

सकाळी मला जाग आली ती कसल्याशा आवाजानं. खर्र, खर्र, मग थोडं थांबून पुन्हा. मागच्या दारात जाऊन बघते तर आई कासोटा खोचून वाफ्यात बसलेली, खुरप्यानं माती हलवत होती. बाजूला मेथीची पुरचुंडी सोडलेली. तोंडातून थंडीची वाफ येत होती. मला बघून म्हणाली, राख आण थोडी. मी इतक्या जोरात पळाले की चुलीपाशी आपटलेच.

येळवशीला आमच्याकडं गाव ओस पडतं. सगळे रानात. कडब्याची खोपी करतात, तिला कोप म्हणतात. तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात. मिळतील तेवढ्या भाज्या आणि शेंगा घालून चिंच-बेसनाची दाट भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आणि ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील. ज्यांना रान नाही त्यांना रानवाले जेवायला बोलावतात. तुळजापुरातही आम्ही असेच कुणाकुणाकडं जायचो. आई जन्मभर येळवशीची पाहुणीच होती. गोदामावशीनं बोलावणं केलं, गाडीत जागा ठेवलीय म्हणाली. आईनं तिचा हात धरला.

“गोदाबाई, रागावू नका. या वर्षी आमची येळवस आमच्या रानात.”

मावशीनं त्या दोन बाजांएवढ्या वाफ्याकडं बघितलं. हसली नाही. कडब्याच्या दोन पेंढ्या भिंतीवरून टाकल्या आणि गाडीत बसून निघून गेली.

आदल्या संध्याकाळी आईनं ट्रंक ओढून मधल्या खोलीत आणली होती. कडी काढली तो आवाज माझ्या अजून कानात आहे. तिनं आतून हे इरकली लुगडं काढलं, झटकलं, झाकण लावलं. मी श्वास सोडला. पण कडी पुन्हा लागली, तेही मी बघितलं.

तर आमची येळवस अशी. नानांनी केलेली कोप दोनदा पडली आणि तिसऱ्यांदा भिंतीला टेकून कशीबशी उभी राहिली. पांडव मी आडापाशी वेचले आणि शाळेच्या खडूनं पांढरे केले, चुना कुणी आणायचा. भज्जीत आमच्या रानातलं काय काय होतं? शेळीच्या तोंडाला न पुरलेले उंचावरचे वाल, दोन वांगी, चार मिरच्या, दुधीचा तुकडा, आणि नुकती वर आलेली, जेमतेम दोन पानांची मेथी, चिमटीनं खुडलेली. बाकी सगळी चिंच आणि बेसन. पण तिचा वास असा सुटला की मला कोपीपुढं बसवेना.

जेवणाआधी घरधन्यानं घोंगडी पांघरून, आंबिलीचा गडू घेऊन रानाच्या कडेनं फिरायचं, आंबील शिंपडायची आणि ‘ओलगे ओलगे, सालम पोलगे’ असं म्हणायचं. अर्थ विचारू नका. कानडी मुलखातून आलेलं आहे म्हणतात, आणि शेतकरीही अर्थ विचारत नाही, ओरडतो. नाना काळ्या टोपीत आणि कोटात. वरून उसनी घोंगडी. हातात गडू. त्यांना फार लाज वाटत होती. वर्गात कविता शिकवताना आवाज चढवणारा माणूस, पण इथं तोंडातल्या तोंडात पुटपुटत, पाय जपून टाकत वाफ्याभोवती निघाला.

आई दारात उभी होती. नव्या लुगड्यात, पदर कमरेला खोचून. म्हणाली, “मोठ्यानं म्हणा की. आपलं रान लांबवर आहे, ऐकू जायला नको?”

नाना थबकले. तिच्याकडं बघितलं. मग मान वर करून असे ओरडले की आडावरची कबुतरं उडाली. “ओलगे ओलगे, सालम पोलगे!” आणि आई हसली. तोंडावर पदर न घेता, भिंतीला हात टेकून, पोट धरून हसली. तुळजापूर सोडल्यावर पहिल्यांदा. मीही ओरडत नानांच्या मागं पळायला लागले. रान दोन बाजांचं. चार पावलं टाकली की फेरी पुरी व्हायची, म्हणून आम्ही फिरतच राहिलो.

हसू ओसरल्यावर आईनं डोळे पुसले. वाफ्याकडं बघत, अगदी साध्या आवाजात, भाकरी झाल्यात असं सांगावं तसं म्हणाली, “पुढच्या वर्षी वांगी त्या भिंतीकडं घेऊ. इथं सावली लई पडते.”

‘लई’ हा शब्द गोदामावशीचा. आणि ‘पुढच्या वर्षी’ हा तिचा.

नाना उभेच्या उभे राहिले. गडूतली आंबील संपली होती. तरी ते रिकामा गडू घेऊन आणखी एक फेरी मारून आले, तोंड आमच्याकडून फिरवून. मग आम्ही जेवायला बसलो. संध्याकाळी मावशीची गाडी परतली आणि तिनं भिंतीवरून त्यांच्या भज्जीचं पातेलं दिलं, आईनं आमची वाटीभर दिली. दुसऱ्या दिवशी ट्रंक रिकामी झाली. लुगडी खुंट्यांवर गेली, आणि मोकळ्या ट्रंकेत राखेतल्या पुरचुंड्या राहायला आल्या.

मध्यंतरी एकदा नळदुर्गवरून जाताना मी गाडी थांबवायला लावली. सडक रुंद झालीय. आमचं घर होतं तिथं टायरचं दुकान आहे. आड बुजवलेला, भिंत गेलेली. एक मुलगा ट्यूब पाण्यात बुडवून भोक शोधत होता. मी मागं जाऊन थोडा वेळ उभी राहिले. वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण फारसं वाटलं नाही. जमीन तेवढीच होती, दोन बाजांएवढी, आणि तिच्यावर दुपारची सावली पडली होती.

तर परवा मी हे खुरपं घेऊन मुलीच्या परसात उतरले. फरश्या उचलायला जावई आले. गुडघे दुखतात, वाकलं की उठायला हात लागतो. पण माती हलवली आणि तो वास आला, डांबरगोळ्यांचा नव्हे, खरा. मेथी टाकली, वाल टोचले. आईसारखीच चूक केली, फार जवळ टोचले. मुलगी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती आणि बघत नसल्यासारखं दाखवत होती. नानांची नात शोभते.

काल ट्रंक रिकामी केली. तळाला गंज चढून चाळणीसारखी भोकं पडलीत; आता तिच्यात कपडे ठेवून प्रवास काही व्हायचा नाही. मुलगी म्हणाली, भंगारवाल्याला देऊ का? मी म्हटलं, नको, मागं नेऊन ठेव, माती भर, पुदिना लावू. भोकांतून पाणीही निथळेल. तिनं माझ्याकडं बघितलं. सोलापूरला परत जाताना मी काय नेणार, हे ती विचारणार होती, पण विचारलं नाही. ट्रंक उचलून तिनं दाराबाहेर नेली.

मी खिडकीतून सांगितलं, भिंतीला चिकटवू नकोस, जरा जागा सोड. पुदिना फार पसरतो. पुढच्या वर्षी लागेल ती जागा.